मॅचला स्पॅनिश बेत करताय? पाएया सोडून बोला

स्पेनचा सामना किंवा बार्सिलोना-रेआल माद्रिदची झुंज जवळ आली की वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. दहा माणसांना पाएयासाठी तांदूळ किती घ्यायचा? नाचोज आणि साल्सा ठेवले तर चालतील ना? निम्मी मंडळी शाकाहारी आहेत, त्यांचं काय? आणि मॅच रात्री दीडला, मग वाढायचं कधी?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकू. पाएया करू नका आणि नाचोज, टाको, साल्सा हे मेक्सिकोचं खाणं आहे. ते चवीला छानच असतं, पण स्पॅनिश बेतात ते मोडत नाही. दुकानात ‘टॉर्टिला’ मागितलंत तर मैद्याच्या नाहीतर मक्याच्या पोळ्यांचं पाकीट मिळेल. तेही मेक्सिकोचंच. स्पेनची तोर्तिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट. ती विकत शोधत बसू नका, घरीच होते.

आधी घड्याळ बघा

बेत ठरवण्याआधी सामना भारतीय वेळेनुसार किती वाजता आहे ते पाहा. स्पेनमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात हमखास घोटाळा होतो. तिथला रात्री नऊचा सामना आपल्याकडे साडेबारा किंवा दीडला सुरू होतो, दुपारी सव्वाचारचा असेल तर पावणेआठ किंवा पावणेनऊला.

- संध्याकाळचा सामना: खाणं हेच जेवण समजा. माणशी दहा-बारा घास होतील इतकं करा आणि चार-पाच पदार्थांवर थांबा.
- मध्यरात्रीचा सामना: पाहुणे घरून जेवून येतात. माणशी पाच-सहा घास पुरे. तळलेलं कमी, पावातलं जास्त.
- दीडचा सामना: तो साडेतीनला संपतो, बाद फेरीत जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर आणखी उशिरा. शेवटी गरम, गोड काहीतरी लागतं. त्याचं पुढे सांगतो.

स्पेनमध्ये मॅच बघताना लोक काय खातात?

पंचपक्वान्नं तर नक्कीच नाहीत. स्टेडियममध्ये दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे ‘पिपास’, सूर्यफुलाच्या खारवून भाजलेल्या बिया. पूर्वार्ध संपेपर्यंत पायाखाली टरफलांचा खच पडतो. दुसरी म्हणजे ‘बोकादियो’, लांबट कडक पाव मधोमध चिरून त्यात हामोन (डुकराचं खारवलेलं मांस), चीज किंवा तोर्तिया भरलेला. मध्यंतराची शिट्टी वाजली की घरून अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून आणलेले बोकादियो पिशव्यांतून बाहेर निघतात. प्रेक्षकांच्या जागी मद्याला २००७ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून हातात बिनअल्कोहोलची बिअर असते.

बारमध्ये जमलेल्यांसमोर बिअरचा छोटा ग्लास, वाटीभर ऑलिव्ह, तोर्तियाचा तुकडा, क्रोकेतास, बटाट्याचे ‘ब्रावास’ असं काहीबाही असतं. एका हाताने खाता येतं, निवलं तरी बिघडत नाही, आणि खाताना पडद्यावरून नजर हलवावी लागत नाही. तुमच्या बेतालाही हीच कसोटी लावा.

पाएया या कसोटीला उतरत नाही. ती वॅलेन्सियाची आणि बहुधा रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून खायची गोष्ट. तांदूळ शिजला की लगेच वाढावी लागते, तळाचा खरपूस थर साधण्यासाठी शेवटची काही मिनिटं शेगडीपासून हलता येत नाही, आणि नेमका तेव्हाच गोल होतो. शिवाय ती बासमतीत जमत नाही, तिला आखूड दाण्याचा, रस शोषणारा तांदूळ लागतो. मसालेभात केशर घालून ‘पाएया’ म्हणून वाढण्यापेक्षा मसालेभातच वाढा.

तोर्तिया: हिच्याशिवाय बेत नको

एकच पदार्थ करायचा झाला तर हा करा. आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि सामन्याआधी तासभर बाहेर काढला की पुरे. एका तोर्तियासाठी सहा अंडी, सहाशे ग्रॅम बटाटे, एक मोठा कांदा, मीठ आणि तेल. दहा जणांना दोन तोर्तिया लागतील. कांदा घालावा की घालू नये यावर स्पेनमध्ये घराघरांत वाद आहेत. माझं मत कांद्याच्या बाजूने.

बटाटे सोलून, उभे अर्धे करून त्यांचे पातळ काप करा. नवा बटाटा टाळा, तो गोडसर असतो आणि लवकर लाल होतो. काप आणि चिरलेला कांदा बुडेल इतक्या तेलात मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवा. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण आपला हात काचऱ्यांना सरावलेला असतो. बटाटा कुरकुरीत करायचा नाही, तेलात मऊ शिजवायचा आहे. तेलात बारीक बुडबुडे दिसावेत, तडतड आवाज येऊ नये, आणि काटा टेकवला की काप तुटावा. मग चाळणीत निथळून घ्या. ते तेल गाळून ठेवा, दुसऱ्या तोर्तियाला तेच वापरायचं. सगळं ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर निम्मं सूर्यफुलाचं घ्या.

अंडी फेटून मीठ घाला, त्यात कोमट काप मिसळा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. बावीस-चोवीस सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्यात चमचाभर तेल तापवून मिश्रण ओता, आच कमी करा. चार-पाच मिनिटांनी कडा सुटतात, मधे मात्र अजून थलथलीत असतं. आता तव्यापेक्षा मोठं, सपाट ताट वर पालथं घाला, एका हाताचा तळवा ताटावर घट्ट दाबा आणि सिंकवर जाऊन एका झटक्यात तवा उलटा करा. अर्धवट थांबलात तर सगळं मनगटावर येईल. ताटातली तोर्तिया सरकवत पुन्हा तव्यात सोडा, उलथन्याने कडा आत दुमडून गोल आकार द्या आणि तीन-चार मिनिटं ठेवा.

स्पेनमध्ये अनेकांना ती आतून ओलसर आवडते. पण तास-दीड तास टेबलावर राहणार असेल तर आतपर्यंत घट्ट शिजवा. सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली पाहिजे. निवल्यावर चौकोनी तुकडे करून प्रत्येकात टूथपिक खोचा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी हीच कृती बेसनाच्या सरबरीत पिठात करा. ही पळवाट आपली नव्हे, स्पेनमधली वीगन मंडळीही हरभऱ्याचं पीठच वापरतात. जाड धिरड्यासारखं लागतं आणि बटाट्यामुळे जड होतं, पण पावात छान बसतं. पीठ कच्चं राहू नये म्हणून झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी जास्त वेळ द्या.

बाकीचं ताट

*पतातास ब्रावास.* दहा जणांना दीड किलो बटाटे. मोठ्या फोडी मिठाच्या पाण्यात अर्ध्या शिजवून, कोरड्या करून, तेल चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर सोनेरी होईपर्यंत भाजा. तळल्या तर चव जास्त चांगली, पण तळणारा माणूस मॅचला मुकतो. सॉससाठी तेलात कांदा परता, चमचाभर मैदा भाजा, गॅस बंद करून दोन चमचे पिमेंतोन घाला. ही लाल पूड चालू आचेवर जळून कडू होते. मग पाणी किंवा भाज्यांचं सूप घालून पंधरा मिनिटं उकळा, थोडं व्हिनेगर टाका आणि मिक्सरमधून काढा. माद्रिदच्या जुन्या पद्धतीत टोमॅटो नसतो. घातलात तरी कोणी पिवळं कार्ड दाखवणार नाही.

यासाठी लागणारं पिमेंतोन म्हणजे मिरच्या धुरावर वाळवून केलेली पूड. प्रसिद्ध आहे ती एस्त्रेमादुरातल्या ला वेराची. दुकानात ‘स्मोक्ड पापरिका’ नावाने मिळते. नाही मिळाली तर काश्मिरी मिरचीपूड वापरा आणि तयार सॉसला कोळशाची धुरी द्या. गरम मसाला, जिरेपूड, चाट मसाला मात्र यात नको. पाहुणे ‘तिखट नाही’ म्हणणार हे गृहीत धरा आणि ठेच्याची वाटी बाजूला ठेवा.

*पान कोन तोमाते.* सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी संपणारा पदार्थ. पिकलेले, रसदार गावठी टोमॅटो अर्धे करून कापलेली बाजू किसणीवर घासा, साल हातात राहते. गरात मीठ आणि चांगलं ऑलिव्ह तेल घाला. भाजलेल्या पावावर आवडत असेल तर लसूण घासा आणि गर ऐन वेळी लावा. आधी लावून ठेवलात तर पावाचा लगदा होतो. पाव कडक हवा, सँडविचचा मऊ ब्रेड नको. गोव्यात असाल तर पोदेराकडचे उंडे यासाठी उत्तम. महागडं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल इथेच वापरा, तळणात घालवू नका.

*आलियोली.* कच्च्या अंड्याचा हा लसणी सॉस टेबलावर तासन्‌तास ठेवणं धोक्याचं, पावसाळ्यात तर नकोच. स्पेनमध्येच अंड्याऐवजी दूध वापरून केला जाणारा ‘लाक्तोनेसा’ करा. एक भाग दूध, दोन भाग तेल, दोन्ही सारख्याच तापमानाचं, लसूण आणि मीठ. उभ्या भांड्यात हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करा, घट्ट होईपर्यंत वर उचलू नका. लिंबू शेवटी.

यांखेरीज ऑलिव्ह, खारे बदाम, चीजचे तुकडे, एवढं पुरे. वेळ असेल तर सेव्हिलची पालक-छोले भाजी करा. जिरं, लसूण, पिमेंतोन, व्हिनेगर आणि तळलेल्या पावाचं वाटण घातलेली ही भाजी आदल्या दिवशी केली तर अधिक मुरते. ‘पाद्रोन’ मिरच्यांऐवजी कमी तिखट भावनगरी मिरच्या तेलात डाग पडेपर्यंत परता आणि वरून जाडं मीठ भुरभुरा. मिरचीला आधी चीर द्या, नाहीतर फुटून तेल अंगावर उडतं. मांसाहारींसाठी लसणावर परतलेली कोळंबी पाच मिनिटांत होते, पण ती गरमच खायची, म्हणून सामन्याआधी किंवा मध्यंतरात.

गोव्याच्या वाचकांसाठी एक खुलासा. एफसी गोवाने सेर्जिओ लोबेरापासून मानोलो मार्केसपर्यंत स्पॅनिश प्रशिक्षक पाहिले, फेरान कोरोमिनासला फातोर्ड्याने डोक्यावर घेतलं, तरी आपलं चोरिस हे सॉसेज स्पॅनिश नव्हे. ते पोर्तुगीज वळणाचं, व्हिनेगर आणि मसाल्यातलं, आणि शिजवूनच खायचं. स्पेनचा सुकवून मुरवलेला चोरिसो काप करून तसाच खातात. एकाची रीत दुसऱ्याला लावू नका. चोरिस-पाव जरूर ठेवा, त्याच्या स्वतःच्या नावाने.

कोण काय खात नाही, ते आधी विचारा

आमंत्रणाच्या मेसेजमध्येच विचारा. ऐन वेळी विचारलंत तर पाहुणा संकोचाने ‘चालेल’ म्हणतो.

- हामोन आणि चोरिसो डुकराच्या मांसाचे असतात. वेगळं ताट, वेगळा चिमटा आणि नावाची चिठ्ठी.
- मांचेगो हे ला मांचाचं मेंढीच्या दुधाचं चीज. पारंपरिक पद्धतीत ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेटने विरजतात. काटेकोर शाकाहारी पाहुण्यांना ते वाढण्याआधी वेष्टन वाचा.
- जैन पाहुण्यांसाठी लसणाशिवाय पान कोन तोमाते, मिरच्या, बदाम. चोविहार पाळणारे असतील तर खाणं सूर्यास्ताआधीच आटोपावं लागेल.
- बदाम, कोळंबी, अंडं, गहू यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी तळणीचं तेलही वेगळं हवं.

विकत आणताना तुमचे हक्क

आयात केलेल्या ऑलिव्ह, चीज, तेलाच्या वेष्टनावर भारतीय आयातदाराचं नाव-पत्ता, १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी खूण असायलाच हवी. हिरवं वर्तुळ शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी. अंडं नियमानुसार मांसाहारीत मोडतं, म्हणून अंड्याच्या मेयोनेजवरही त्रिकोण असतो. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागितले तर देऊ नका. घरून पदार्थ करून विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, मागणी नोंदवण्याआधी क्रमांक विचारायला लाजू नका. शाकाहारी मागवलेल्यात मांस निघालं तर पदार्थ फेकू नका. फोटो, बिल आणि डबा जपून ठेवा, आधी विक्रेत्याकडे आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.

घरचा खटाटोप नको म्हणून हॉटेलात मॅच बघायला जाणार असाल, तर बिलातलं सेवा शुल्क सक्तीचं नाही हे लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या या भूमिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. मॅचच्या रात्रीसाठी वेगळा प्रवेश आकार असेल, तर त्यात काय काय धरलं आहे ते टेबल राखतानाच लेखी विचारून घ्या.

पेय, परवाना आणि शेजारी

सांग्रियाचा आग्रह सगळे धरतात, पण उन्हाळ्यात स्पेनमधले लोक स्वतः ‘तिंतो दे वेरानो’ जास्त पितात. साधी रेड वाइन, तेवढाच लिंबाचा सोडा आणि भरपूर बर्फ. त्यासाठी महागडी बाटली फोडू नका, नाशिकची साधी लाल वाइन पुरते. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस, सोडा आणि संत्र्याच्या चकत्या. स्पेनच्या बारमध्येही द्राक्षाचा रस ‘मोस्तो’ या नावाने मागितला जातो.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. किमान वय बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. सांग्रियात ब्रँडी ओतण्याआधी पुतण्या-भाच्यांची वयं आठवा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. वर्गणी काढून दारू देणं ही विक्री ठरू शकते, त्या वाटेला जाऊ नका. आणि गाडी चालवणाऱ्याला ग्लास देऊ नका.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. साडेबाराच्या सामन्याला गच्चीत स्पीकर लावलात आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर कायदा त्याच्या बाजूने असेल. पडदा घरात लावा, खिडक्या बंद ठेवा. क्लबहाऊस हवं असेल तर समितीची लेखी परवानगी घ्या. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते. तिकीट लावून किंवा प्रायोजक घेऊन मॅच दाखवायची तर प्रसारण हक्कधारकाची परवानगी लागते.

सामन्याच्या दिवशीचा क्रम

1. आदल्या दिवशी: तोर्तिया, ब्रावासचा सॉस, पालक-छोले. तिन्ही फ्रिजमध्ये.
2. दोन तास आधी: बटाटे अर्धे शिजवून भाजून घ्या. टोमॅटो किसा.
3. एक तास आधी: तोर्तिया बाहेर काढून कापा. निम्मे बोकादियो भरून कागदात गुंडाळा.
4. सुरुवातीला: ऑलिव्ह, बदाम, पान कोन तोमाते. बियांचं पाकीट ठेवणार असाल तर टरफलांसाठी रिकाम्या वाट्याही ठेवा. सोललेल्या नव्हे, टरफलासकट भाजलेल्या बिया आणा. नाही मिळाल्या तर भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा.
5. पस्तिसाव्या मिनिटाला: बटाटे पुन्हा ओव्हनमध्ये. मध्यंतर पंधरा मिनिटांचंच असतं.
6. मध्यंतरात: ब्रावास आणि बोकादियो.

शिजवलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, मे-जूनच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त नको. म्हणून सगळी तोर्तिया एकदम मांडण्याऐवजी निम्मी उत्तरार्धासाठी फ्रिजमध्येच राहू द्या.

आता शेवटच्या गोडाचं. रात्र जागवून पहाटे चुर्रो आणि दाट चॉकलेट खाणं ही माद्रिदची जुनी सवय आहे. तिथलं १८९४ पासूनचं सान खिनेस हे दुकान याच जोडीसाठी प्रसिद्ध आहे. चुर्रोचं पीठ म्हणजे एक वाटी मैदा, वाटीभर उकळतं पाणी आणि मीठ. सोऱ्यात चकलीची चांदणीच्या आकाराची चकतीच घाला. गोल भोकाच्या चकतीतून पाडलेली जाड कांडी आत वाफ कोंडून कढईत फुटू शकते आणि उकळतं तेल उडतं. लहान मुलं जवळ नकोत. हे काम संध्याकाळचा सामना रात्री साडेदहाला संपणार असेल तरच काढा. पहाटे साडेतीनला पेंगत कढईसमोर उभं राहू नका, तेव्हा कपभर दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर आणि डार्क चॉकलेट घालून दाटसर करा आणि उरलेला पाव भाजून त्यासोबत द्या.

उरलेली तोर्तिया फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस टिकते. टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेले तुकडे मात्र टाकून द्या.